समेच्या आधीची दाद

गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर व्हायोलिन वाजवून दाखवलंस, आजोबा ‘छान, छान’ म्हणाले आणि आपण फोन ठेवला. नंतर तू तुझ्या आईला विचारलंस म्हणे, ‘आजोबांना माझं वाजवणं आवडेनासं झालं का? ते आता पूर्वीसारखं वा म्हणत नाहीत.’ आईने मला कळवलं. याचं उत्तर फोनवर देता आलं नसतं, कारण आमचा फोन जिथे ठेवलेला असतो, तिथेच आजोबांची खुर्ची आहे. म्हणून लिहिते आहे. तुझ्या दादालाही वाचायला दे. या गोष्टीची सुरुवात त्याच्यापासूनच होते, पण त्यात त्याचा काही दोष नाही.

मागच्या दिवाळीत तुम्ही सांगलीला आला होता, तेव्हा दादाने आमच्या कपाटातली एक जुनी कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून दिली. ज्यांचं गाणं त्यात आहे, त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. आमच्या घरात त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ही मैफल साताऱ्याला झाली, आत्याआजीच्या सासरी, वरच्या माडीवर. तुमच्या आईचा जन्म व्हायचा होता. बाई आदल्या दिवशी साताऱ्यात गायल्या होत्या, आणि आत्याआजीच्या सासऱ्यांनी फार आग्रह केला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घरगुती बैठकीला बसल्या. आजोबांच्या पाटबंधारे खात्यातल्या एका मित्राने टेपरेकॉर्डर आणला आणि तो नेमका आजोबांच्या मांडीशेजारी ठेवला. त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणात बाईंच्या खालोखाल कुणाचा आवाज स्पष्ट येत असेल, तर तो आजोबांचा. शिवाय खालून स्वयंपाकघरातली ताटं वाजतात. ती आत्याआजीची.

बाई एक मोठा ख्याल फार सावकाश मांडत जातात. आवर्तन भरत येतं, सम जवळ येते. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणं सगळीकडे फिरून पुन्हा जिथे येऊन टेकतं ती जागा. ती नेमकी साधली की ऐकणारे ‘वा!’ म्हणतात. पण या कॅसेटमध्ये बाई अजून वाटेतच असताना, सम यायला क्षणभर अवकाश असताना, आजोबांचा खणखणीत ‘वा!’ ऐकू येतो. आणि एकदा नाही, जिथे म्हणून गाणं अवघड होतं तिथे तिथे.

आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. ते गाणं आमच्यासाठी तसंच होतं. तुमची आई लहानपणी ते गुणगुणायची, तेव्हा मध्येच आपणहून ‘वा’ म्हणायची आणि पुढची ओळ धरायची. आजोबांचं वा तसंही गाण्यापुरतं नव्हतंच. मी भाकरी टाकली की ते ओट्याशी येऊन उभे राहत, आणि ती पुरती फुगायच्या आधीच, नुसती एका कडेने उचलायला लागली की म्हणत, ‘वा!’ शेजारच्यांची जुनी स्कूटर किक मारमारून चालू होण्याच्या बेतात आली, की खिडकीतून ‘वा!’ आणि तू पहिल्यांदा फोनवर व्हायोलिन हनुवटीखाली धरलंस, तेव्हा अजून एकही सूर निघाला नव्हता, तर आजोबा ‘वा!’ म्हणाले होते. तू किती हसली होतीस.

दिवाळीनंतर आमराईत माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या मैत्रिणीने मला बाईंच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. साताऱ्यापासून पलूसपर्यंतचे लोक त्यात होते, पुण्याचे होते, दुबईचे होते. सुरुवातीचे दिवस काय आनंदाचे गेले ते तुम्हाला सांगता येत नाही. मी जन्मात ऐकल्या नव्हत्या अशा मैफली घरबसल्या मिळू लागल्या. आष्ट्याचे एक निवृत्त शिक्षक दुपारी एखादी बंदिश पाठवत आणि तिचे शब्द स्वच्छ लिहून देत. चाळीस वर्षं मी जे शब्द अंदाजाने म्हणत आले होते, ते मला या वयात कळले. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे ती माणसं वाईट होती असं तुम्हाला वाटायला नको.

पण त्यांच्यात एक खोड होती, आणि मलाही ती लागली. कुठलंही गाणं आलं की ते कितव्या क्रमांकाचं, हे ठरायला हवं. आजारपणाच्या आधीच्या बाई मोठ्या की नंतरच्या, यावर रोज वाद. कुणीतरी लिहिलं, ‘आजारानंतरच्या बाई म्हणजे बाई नव्हेतच. दुसऱ्या ओळीतला तुटलेला श्वास ऐका, म्हणजे पटेल.’ ते त्यांनी ज्या गाण्याबद्दल लिहिलं होतं, ते माझं फार आवडतं. दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडायला बसले आणि ते लावलं. दुसरी ओळ आली, माझे हात थांबले, श्वास खरोखरच तुटला. मग तिसऱ्या ओळीत तुटतो का, चौथीत तुटतो का. गाणं संपलं, तेव्हा लक्षात आलं की मी गाणं ऐकलंच नव्हतं. श्वासावर पहारा देत बसले होते. मेथी तशीच पडली होती.

तरीही एके दिवशी मी आमची साताऱ्याची मैफल ग्रुपवर पाठवली. आपल्याकडेही काही आहे, हे दाखवायची हौस मला आली होती. पहिल्या दिवशी कौतुकाचा पूर आला. ‘हा तर खजिना!’ ‘इतकी वर्षं कुठे होता हा?’ मी आजोबांना सगळं वाचून दाखवलं आणि ते चष्मा पुसत पुसत हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘गाणं स्वर्गीय. पण मधे मधे वा वा करणारे हे गृहस्थ कोण?’

त्यावर दुसरा : ‘समेच्या आधी दाद! हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.’

आणि तिसरा : ‘काकांची एसटी सुटत असेल हो. म्हणून दाद ॲडव्हान्समध्ये देऊन ठेवली.’

त्या दिवसापासून आजोबा ‘एसटीवाले काका’ झाले. ते कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर एसटीच्या विनोदाला मीही हसले, इतका तो चपखल होता. दोन दिवसांनी ग्रुप चालवणारे पुण्याचे गृहस्थ, जे कॉम्प्युटरवर जुनी ध्वनिमुद्रणं साफ करण्यात पटाईत आहेत, त्यांनी आमची मैफल धुऊनपुसून परत पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘काका आणि भांडी, दोन्ही काढली आहेत.’ सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. आणि कुणा उत्साही माणसाने काढून टाकलेला तो एवढासा ‘वा’ वेगळा कापून ठेवला. ग्रुपवर कुणी घाईने काही लिहिलं, सणाच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच दिल्या, की लगेच त्याला तो ‘वा’ पाठवायचा. चेष्टेची रीतच पडली.

एका सकाळी मी टेबलाशी चहा घेत होते. आजोबा समोर मटार सोलत होते. ग्रुपवर काहीतरी आलं, मी बोट लावलं, आणि फोनमधून मोठ्याने आवाज आला, ‘वा!’

आजोबांनी मान वर केली. ‘हा माझा आवाज ना गं?’

मी फोन पालथा घातला. पण तोवर उशीर झाला होता.

‘लाव बघू परत.’

मी लावला. ‘वा!’ मागेपुढे काही नाही, ना गाणं ना तबला. नुसता एक वा.

‘याचं काय करतात लोक?’

मी सगळं सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही आणि त्यांच्यापाशी तर ते जमतही नाही. एसटीचा विनोद सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘एसटी कसली? मी तर तिथं चार दिवस मुक्कामाला होतो.’ मग थोडे मटार सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘खरंच आधी असतो का गं मी?’

‘हो. जरासे आधी.’

‘मग एवढ्या वर्षांत बोलली नाहीस ती?’

‘मला ते कधी आधी वाटलंच नाही.’

त्यांनी मान हलवली आणि शेंगा पुढे ओढल्या. एवढंच. पण त्या दिवसापासून घरातला वा बंद झाला. ठरवून सोडला असंही नाही. भाकरी फुगायला लागली की ते आता ओठ मिटून बघत राहतात, पुरती फुगू देतात आणि मग ‘छान झाली’ म्हणतात. बरोबर वेळेवर म्हणतात. संध्याकाळी आम्ही बाईंचं गाणं लावतो तेव्हा ते हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसतात. मी त्यांच्याकडे बघते आणि माझंही गाण्यात लक्ष लागत नाही.

शेवटी मी ग्रुपवर एक वाक्य लिहिलं : ‘ते गृहस्थ माझे यजमान आहेत.’

अर्ध्या तासाने हात जोडल्याची चित्रं येऊ लागली. क्षमा मागणारे फोन आले. पुण्याच्या गृहस्थांनी तर इतक्या मनापासून माफी मागितली की मलाच संकोच वाटला. प्रकरण इथे मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण ग्रुपला मधली वाट ठाऊक नव्हती. आठवड्याभरात काका थोर झाले. ‘काकांशिवाय ही मैफल अपुरी आहे.’ ‘असे श्रोते आता उरले नाहीत.’ लगेच दोन तट पडले, वा असलेली मैफल अस्सल मानणारे आणि वा काढलेली मानणारे, आणि दोघांचं भांडण जुंपलं. त्यातच बाईंच्या स्मृतिदिनाला सांगलीत श्रवणसभा ठरली. साताऱ्याची मैफल तिथे लावायची आणि काकांनी पुढे बसायचं.

आजोबा नको म्हणाले नाहीत. कुणी बोलावलं तर जायचं, ही त्यांची रीत. इस्त्रीचा शर्ट घातला, माझ्याकडून कॉलर नीट करून घेतली. सभागृहात त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. मैफल सुरू झाली. ती जागा जवळ येऊ लागली तशा माना वळायला लागल्या. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. टेपमधल्या तरुण आजोबांनी ‘वा!’ म्हटलं आणि सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत सम बुडून गेली. इकडचे आजोबा आपल्या चपलांकडे बघत होते.

रिक्षातून घरी येताना म्हणाले, ‘माणसं चांगली आहेत गं. किती मान दिला.’ आणि विश्रामबाग आल्यावर म्हणाले, ‘पण मला आज गाणं ऐकूच आलं नाही. मी माझीच वाट बघत बसलो होतो.’

मला एकदम माझी ती मेथी आठवली. शिव्या असोत की ओव्या, माणूस एकदा दुसऱ्यांच्या कानांनी ऐकायला लागला की गाणं त्याच्या हातून सुटतं, असं मला त्या रिक्षात वाटलं. पण नुसतं वाटून उपयोग काय? वा कुठे गेला होता आणि कसा परत आणायचा, हे मला कळत नव्हतं. मी आजपर्यंत कॉलेजात इंग्रजी शिकवलं, घर चालवलं, प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवली. ही एक वस्तू मात्र माझ्या हाताला लागत नव्हती.

महिन्याभराने आम्ही साताऱ्याला गेलो. आत्याआजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती पलंगावर पाय पसरून बसलेली, तोंड मात्र नेहमीसारखं चालू. आजोबा बाहेर गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. आत्याआजी मला म्हणाली, ‘वैनी, ती आमच्या माडीवरची बैठक लावा की. लय दिवस झालं ऐकून.’

मी लावली. चुकून धुऊनपुसून आलेली लागली. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग तिने भुवई चढवली.

‘माजी ताटं कुठं गेली?’

‘काढली.’

‘आनी दादा?’ आजोबांना ती दादा म्हणते.

‘त्यांनाही काढलं.’

‘अगं बया! मग ऱ्हायलं काय?’

मी तिला सगळी हकीकत सांगितली. एसटी, टाळ्या, सभागृह आणि घरातली शांतता. दाद समेच्या आधी यायला नको, असं लोकांचं म्हणणं आहे, हेही समजावून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आवं वैनी, झाल्यावर म्हनून काय उपेग? झाल्यावर तर कुनीबी म्हनंल.’

‘म्हणजे?’

‘म्हंजे काय? तुमी सांगलीचं, तुमाला कुठलं म्हाईत.’ तिने उशी पाठीशी सारखी केली. ‘आमी मानदेशातली. बाबा मुंबईला गिरनीत. आई एकली, आनी आमी दोगं ल्हान. पाटं आई जात्यावर बसायची, आमी तिथंच वाकळंत पडलेलं. ओव्या म्हनायची. गळा लय गोड. पन म्हनता म्हनता मधीच गप व्हायची. आनी गप झाली की रडायची. जातं थांबायचं, आनी अंधारात नुसतं तिचं रडनं. मला लय भ्या वाटायचं. मग दादानं एक केलं. तिचा आवाज जरा कापाय लागला, आता थांबतीया असं वाटलं, की थांबायच्या आदीच ह्यो वाकळंतनं वरडायचा, म्हन की गं आई! म्हन की! आनी आई म्हनायची. तशी म्हनत म्हनत दळन सरायचं.’

मी चालू असलेली मैफल बंद केली.

‘सांगलीला नोकरीला लागला, तवा तितं म्हन की म्हनत न्हाईत, वा म्हनत्यात, हे शिकला,’ आत्याआजी म्हणाली. ‘पन कवा म्हनायचं, ते आईपाशी शिकलेला न्हवं का.’

मग तिने आईची एक ओवी म्हणून दाखवायला घेतली. आवाज जुना झालेला, पण चाल स्वच्छ. ओळ वर चढत गेली. वर गेल्यावर तिला शब्द आठवेनात, की आई आठवली, कोण जाणे. तिचा आवाज कापू लागला. अजून ती थांबली नव्हती.

‘म्हण की गं!’

गॅलरीतून आला तो आवाज. पेपर अजून त्यांच्या तोंडापुढे होता. तोच खणखणीतपणा, आणि तीच जागा, जरा आधीची. आत्याआजीने पुढची ओळ धरली आणि ओवी पुरी केली. मी टेपमधल्या बाई मनात आठवून पाहिल्या. त्या अवघड चढणीवर होत्या, सम दूर होती, आणि कुणीतरी बाजूला बसून त्यांना बक्षीस देत नव्हतं, हात देत होतं. बाईंना ते कळलं असावं. कारण त्या टेपमध्ये प्रत्येक वा नंतर त्यांचा आवाज थोडा मोकळा होतो. हे मी इतकी वर्षं ऐकत होते आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ग्रुपमध्ये इतके जाणकार आहेत, त्यांच्याही नाही.

आजोबांना मी यातलं काही बोलले नाही. त्यांना समजावून सांगितलं असतं, तर ते पुढच्या वेळी तेच आठवत बसले असते. ग्रुपवरही लिहिलं नाही. मी तिथे अजून आहे, आष्ट्याच्या सरांच्या बंदिशी दुपारी ऐकते, वादाकडे बघत नाही. ही गोष्ट तिथे सांगितली असती तर लोकांनी डोळे पुसले असते, नक्की पुसले असते, आणि दोन दिवसांत आईच्या जात्याचाही एक ‘प्रसंग’ होऊन तो घराघरात फिरला असता. ती आई तुमची पणजी. ती फिरवायची वस्तू नाही. म्हणून ती तुम्हा दोघांपुरती.

साताऱ्याहून परतल्यावर वा लगेच परत आला, असं झालेलं नाही. बहिणीपाशी जे निघालं, ते निघालं. पण तुला एक सांगते, जे तुला फोनमध्ये दिसत नाही. तू वाजवताना एका जागी अडखळतेस. तिथे बोट दुसऱ्या तारेवर न्यायचं असतं आणि तू आधीच घाबरून हळू होतेस. ती जागा येऊ लागली की आजोबा खुर्चीत पुढे सरकतात. पुढे सरकले की त्यांचा चेहरा फोनच्या चौकटीबाहेर जातो, म्हणून तुला नुसता शर्ट दिसतो. मी बाजूला असते, मला दिसतं. त्यांचे ओठ हलतात. मग ते स्वतःला आवरतात, तू कशीबशी पार होतेस, आणि ते मागे टेकून वेळेवर ‘छान’ म्हणतात. बाळा, त्यांना तुझं वाजवणं आवडेनासं झालेलं नाही. आपण आधी बोलू, अशी भीती वाटते त्यांना.

तर येत्या रविवारी असं कर. तोच तुकडा वाजव. ती जागा आली की चुकेल म्हणून सोडू नकोस, सोपं काही निवडू नकोस. एवढंच कर, की तिथे जाताना नजर तारांवरून उचलून आजोबांकडे बघ, नुसता शर्ट दिसला तरी. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असेन. तुझ्या दादालाही दुसऱ्या खोलीत पाठव. आणि आईला सांग, त्या दिवशी रेकॉर्डिंग करू नकोस म्हणावं.